सायकेडेलिक फंक: उगम कुठला, आणि आपल्या चित्रपटसंगीतात ते आले कसे?

गिरणाकाठ (चाळीसगाव)

सर्व सदस्यांना सादर नमस्कार. मी लग्नसराईत एका बँड पार्टीत कीबोर्ड वाजवतो आणि उरलेल्या काळात, आपण जे वाजवतो ते आले कुठून, याचा शोध घेत बसतो. १९७८च्या 'डॉन' चित्रपटाचे शीर्षकसंगीत आमच्याकडे वरात निघण्यापूर्वी हमखास वाजते. त्याची माहिती शोधत असताना एका यादीत त्याला 'सायकेडेलिक फंक' या प्रकारात टाकलेले आढळले आणि त्याच यादीत स्लाय अँड द फॅमिली स्टोन, टेम्प्टेशन्स, फंकाडेलिक ही अमेरिकी नावे होती. मी ती सगळी ऐकली. काही ठिकाणी, विशेषतः गिटार आणि बेसच्या बाबतीत, साम्य थक्क करणारे वाटले. फंकाडेलिकचे दहा मिनिटांचे एक गिटारवादन मात्र असे निघाले की त्यावर पाय हलणे दूरच, माणूस आहे तिथे गप्प बसून राहील.

साधे फंक आणि हे फंक यांत नेमका फरक कोणता, तो प्रथम कोणी घडवला, आणि मुंबईच्या वादकांनी तो जाणीवपूर्वक उचलला की त्या काळी सर्वत्र उपलब्ध झालेल्या यंत्रांमुळे साम्य आपोआप आले, हे मला समजून घ्यायचे आहे. अमली पदार्थांच्या गोष्टी बऱ्याच वाचल्या. वाद्यवादनाविषयी मात्र कोणी फारसे लिहीत नाही. जाणकारांनी त्या अंगाने लिहिल्यास उपकार होतील.

शिरपूरचे आप्पा

गिरणाकाठ, आपला प्रश्न योग्य जागी बोट ठेवणारा आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

प्रथम साधे फंक. जेम्स ब्राउन यांनी १९६५च्या 'पापाज गॉट अ ब्रँड न्यू बॅग' आणि १९६७च्या 'कोल्ड स्वेट' या गाण्यांत एक धाडस केले: चाल आणि स्वरसंघांची (कॉर्डची) वळणे त्यांनी जवळजवळ काढून टाकली आणि सगळा भार ठेक्यावर दिला. 'कोल्ड स्वेट'चा बराचसा भाग एकाच स्वरसंघावर उभा आहे. गिटार, सॅक्सोफोन, ट्रम्पेट ही सारी स्वरवाद्ये तालवाद्यांसारखी तुटक आघात करत राहतात आणि ऐकणाऱ्याचे लक्ष पुढे काय येणार याऐवजी आता काय चालले आहे यावर खिळते. हे संगीत अत्यंत काटेकोर होते. चुकणाऱ्या वादकाला ब्राउन दंड करीत, ही गोष्ट त्यांच्या अनेक वादकांनी सांगितलेली आहे.

त्याच सुमारास सॅन फ्रान्सिस्कोमध्ये गोऱ्या मुलांचे रॉक नेमक्या उलट दिशेने चालले होते. तिथे काटेकोरपणा सुटत होता, गाणी लांबत होती आणि ध्वनी मुद्दाम विस्कटला जात होता. एल.एस.डी. या द्रव्यावर कॅलिफोर्नियात ऑक्टोबर १९६६मध्ये बंदी आली, तोपर्यंत ते तिथे कायद्याने चालत होते, हे खरे. परंतु वादकाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट म्हणजे पायाखालची यंत्रे. गिटारचा आवाज खरवडणारे 'फझ' हे यंत्र १९६२मध्ये बाजारात आले होते आणि आवाजाला जणू तोंड उघडून मिटल्यासारखा आकार देणारे 'वाह-वाह' हे पेडल १९६७मध्ये. ध्वनिमुद्रणगृहातील टेपचे माग (ट्रॅक) वाढत होते, त्यामुळे एकाच वादकाचा आवाज स्वतःवरच चढवणे सोपे झाले होते.

हे दोन प्रवाह एकत्र आणण्यासाठी दोन्हींत वावरलेला माणूस हवा होता, आणि तो होता सिल्व्हेस्टर स्टुअर्ट, म्हणजेच स्लाय स्टोन. टेक्सासमध्ये १९४३ साली जन्म, कॅलिफोर्नियातील व्हॅलेहो गावात वाढ, लहानपण चर्चच्या गाण्यात. पुढे तो सॅन फ्रान्सिस्को परिसरातील केसोल या कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या नभोवाणी केंद्रावर निवेदक झाला, आणि तिथेही तो गोऱ्या बँडची गाणी बेधडक लावत असे. शिवाय ऑटम रेकॉर्ड्स या छोट्या कंपनीत तो गोऱ्या रॉक बँडचे ध्वनिमुद्रण सांभाळत असे. त्याने १९६६मध्ये जो बँड उभा केला, त्यात काळे आणि गोरे, स्त्रिया आणि पुरुष एकत्र होते. सिंथिया रॉबिन्सन ही स्त्री ट्रम्पेट वाजवत होती आणि ड्रमवर ग्रेग एरिको हा गोरा तरुण होता. त्या काळातील अमेरिकेत हे दृश्यच एक विधान होते.

या बँडचा बेसवादक लॅरी ग्रॅहम याची हकिकत तर आपल्यासारख्या वादकांनी आवर्जून वाचावी. तो आईबरोबर क्लबांत वाजवत असे, आई पियानोवर आणि हा बेसवर, आणि सोबत ड्रमवादक नव्हता. ती उणीव भरून काढण्यासाठी तो अंगठ्याने तार आपटू लागला आणि बोटाने ओढून सोडू लागला. आपटलेली तार मोठ्या ड्रमचे काम करी आणि ओढलेली तार स्नेअर या छोट्या ड्रमचे. आज जगभर 'स्लॅप' म्हणून जे शिकवले जाते, त्याचे मूळ अशा घरगुती निकडीत आहे. १९६९च्या अखेरीस आलेल्या 'थँक यू' या गाण्यात ते अगदी उघड ऐकू येते.

दुसरे केंद्र डेट्रॉइट. मोटाउन कंपनीच्या टेम्प्टेशन्स या गटातील ओटिस विल्यम्स यांनी स्लायच्या नव्या आवाजाकडे निर्माता नॉर्मन व्हिटफील्डचे लक्ष वेधले. व्हिटफील्डने आधी नाक मुरडले आणि लवकरच, १९६८मध्ये, 'क्लाउड नाइन' करून दाखवले. त्यात डेनिस कॉफीची वाह-वाह गिटार आहे आणि मोटाउनला पहिला ग्रॅमी पुरस्कार याच गाण्याने मिळवून दिला. माझ्या मते मात्र व्हिटफील्डचे खरे कर्तृत्व १९७२च्या 'पापा वॉज अ रोलिन स्टोन'मध्ये आहे. मूळ तबकडीवर ते गाणे जवळजवळ १२ मिनिटांचे आहे आणि गायकाचा आवाज येईपर्यंत जवळपास ४ मिनिटे जातात. या सगळ्या वेळात बेसवर मोजक्या स्वरांची एकच आकृती फिरत राहते. तिच्यावर व्हायोलिनांचा ताफा, प्रतिध्वनीत बुडालेला ट्रम्पेट, टाळ्या आणि वाह-वाह गिटार येतात आणि जातात. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला या एका ध्वनिमुद्रणात सापडते: खालचा ठेका जराही हलत नाही, आणि वरच्या ध्वनीला मात्र जागेवर राहण्याचे बंधन नाही. खालचे बंधन सुटले की ते सायकेडेलिक रॉक होते; वरचे बंधन घातले की साधे फंक उरते.

तिसरे नाव जॉर्ज क्लिंटन. न्यू जर्सीतील प्लेनफील्ड गावी त्यांचे केशकर्तनालय होते आणि तिथेच पार्लमेंट्स नावाचा गळ्याने गाणाऱ्यांचा, एकसारखे सूट घालणारा गट आकाराला आला. १९६७मध्ये एक गाणे गाजले, पाठोपाठ नावाच्या हक्कावरून कज्जा उभा राहिला, तेव्हा मागे वाजवणारी तरुण पोरे पुढे काढून त्यांनी फंकाडेलिक या नव्या नावाने डेट्रॉइटच्या वेस्टबाउंड कंपनीसाठी ध्वनिमुद्रण सुरू केले. पहिला अल्बम १९७०चा. आपण ऐकलेले दहा मिनिटांचे गिटारवादन १९७१च्या 'मॅगट ब्रेन'मधील एडी हेझल यांचे आहे. आई गेल्याची बातमी आली आहे असे समजून वाजव, असे आपण त्याला सांगितल्याची आठवण क्लिंटन यांनी अनेकदा सांगितली आहे. पुढे मिश्रण करताना त्यांनी सोबतच्या वाद्यांचा आवाज जवळजवळ पुसून टाकला. त्यामुळे आपला पाय हलला नाही, यात नवल नाही. ते फंकच्या बँडने केलेले फंकविरहित ध्वनिमुद्रण आहे, आणि त्यावरून पूर्ण फंकाडेलिकविषयी मत बनवू नये.

सोळा मात्रा (धुळे)

आप्पांनी इतिहास उत्तम मांडला आहे. मी ड्रम आणि ऑक्टापॅड वाजवणारा असल्यामुळे ठेक्याविषयी थोडी भर घालतो.

ब्राउन यांच्या आधीच्या ऱ्हिदम अँड ब्लूजमध्ये चार मात्रांपैकी दुसरी आणि चौथी जोरात वाजे, आणि टाळ्याही तिथेच पडत. ब्राउन यांनी सर्व वादकांना पहिल्या मात्रेवर एकत्र यायला लावले. त्यांचे वादक तिला नुसते 'द वन' म्हणत. १९७०मध्ये त्यांच्याकडे वाजवलेला तरुण बेसवादक बूट्सी कॉलिन्स हा धडा गिरवूनच पुढे क्लिंटन यांच्याकडे गेला, आणि क्लिंटन यांच्या पार्लमेंट आणि फंकाडेलिक या जोडगटांचा सगळा डोलारा त्या एका मात्रेवर उभा राहिला. आपल्याकडील वाचकाला इथे सम आठवेल आणि ते आठवणे चुकीचेही नाही, पण एक फरक ध्यानात ठेवावा. विलंबित तीनतालात समेची वाट पाहण्यात आनंद असतो; फंकमध्ये मिनिटाला ११० मात्रांची लय धरली, तर पहिली मात्रा साधारण सव्वादोन सेकंदांनी पुन्हा येते. वाट पाहायला वेळच मिळत नाही. म्हणून वादक त्या चार मात्रांचे प्रत्येकी चार, असे सोळा भाग पाडतात आणि त्यांपैकी कोणते भाग रिकामे सोडायचे यात आपले कसब दाखवतात. रिकाम्या जागा जितक्या नेमक्या, तितका ठेका घट्ट बसतो. आमच्याकडची नवी मुले सोळाच्या सोळा जागा भरून टाकतात आणि मग गाणे पळते आहे, अशी तक्रार करतात.

स्लाय स्टोनच्या १९७१च्या 'देअर्स अ रायट गोइंग ऑन' या अल्बमचा उल्लेख राहिला आहे. बँड विस्कटत चालला होता, ग्रेग एरिको निघून गेला होता, आणि स्लायने बरीच वाद्ये स्वतःच एकावर एक चढवत मुद्रित केली. ड्रमच्या जागी त्याने अनेक ठिकाणी मॅएस्ट्रो कंपनीचे 'ऱ्हिदम किंग' हे यंत्र वापरले. ऑर्गनवादकाला साथ मिळावी म्हणून बनवलेले, ठरावीक ठेके देणारे असे ते यंत्र होते, आणि त्यावर स्लायने असा बेस आणि अशी गिटार बसवली की यंत्राचा कोरडेपणाच गाण्याचा स्वभाव झाला. टेपवर पुन:पुन्हा मुद्रण करून आणि पुसून त्या अल्बमचा आवाज गढूळ झालेला आहे आणि मागे सूक्ष्म खरखर ऐकू येते. यातील 'फॅमिली अफेअर' अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. आज खान्देशातल्या कोणत्याही मांडवात तयार ठेक्यावर कीबोर्ड वाजवणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा अल्बम मुद्दाम ऐकावा. यंत्राला कसे वाजवायचे नाही आणि कसे वाजवायचे, हे दोन्ही त्यात आहे.

जुन्या तबकड्या (भुसावळ)

मुंबईच्या चित्रपटसंगीताच्या प्रश्नावर मी लिहितो, कारण तबकड्या जमवण्याच्या नादात आयुष्याचा बराच भाग त्यातच गेला आहे.

गिरणाकाठ यांनी 'जाणीवपूर्वक उचलले की यंत्रांमुळे आपोआप आले' असा पर्याय ठेवला आहे. मला दोन्ही अर्धवट वाटतात. मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदात गोव्याचे ख्रिस्ती, पारशी, शीख असे नाना घरांतील वादक होते, आणि त्यांतील अनेकजण रात्री हॉटेलांत जाझ आणि नृत्यसंगीत वाजवत असत. परदेशी तबकडी कोणाकडे तरी यायची आणि बाकीचे ती ऐकायचे. केर्सी लॉर्ड यांच्यासारखा वादक तालवाद्ये आणि नवी विद्युत वाद्ये सारख्याच अधिकाराने हाताळत असे. त्यामुळे आवाज कानावर नक्कीच होता. तो कोणत्या कामासाठी वापरायचा हे मात्र इथल्या चित्रपटांनी ठरवले.

हे काम कोणते, ते पाहा. १९७१च्या 'हरे रामा हरे कृष्णा' या चित्रपटात काठमांडूतील हिप्पी दाखवायचे होते, म्हणून राहुलदेव बर्मन यांनी 'दम मारो दम' त्या पद्धतीने बांधले. त्यातील सुरुवातीची गिटार पुढे गझलगायक म्हणून प्रसिद्ध झालेल्या भूपिंदर सिंग यांची आहे. 'अपना देश' (१९७२) मधील 'दुनिया में लोगों को' या गाण्यात बर्मन यांनी श्वासाचाच तालवाद्यासारखा उपयोग केला. कल्याणजी-आनंदजी यांनी 'अपराध' (१९७२), 'धर्मात्मा' (१९७५) आणि 'डॉन' (१९७८) या चित्रपटांत वाह-वाह गिटार, ब्रास आणि पुढे रेटणारा बेस सढळ हाताने वापरला. या सगळ्या ठिकाणी पडद्यावर काय आहे? हिप्पी, तस्कर, क्लबातली नर्तकी, पाठलाग. नायक-नायिकेच्या प्रेमाला हा आवाज क्वचितच मिळाला. अमेरिकेत ज्या संगीताने कृष्णवर्णीय माणसाचा स्वाभिमान आणि स्वातंत्र्य गायले, ते आपल्याकडे येईपर्यंत मोहाचे आणि गुन्ह्याचे संगीत झाले, हे मला थोडे खटकते. अर्थात 'शाफ्ट' (१९७१) सारख्या अमेरिकी गुन्हेपटांनीही वाह-वाह गिटारला तीच वाट दाखवली होती, त्यामुळे सगळा दोष आपल्या निर्मात्यांच्या माथी मारता येत नाही.

रचनेच्या अंगानेही एक महत्त्वाचा फरक पडला. आपल्या गाण्याला मुखडा आणि अंतरे लागतात, शब्द लागतात आणि तीन-चार मिनिटांत गाणे संपावे लागते. आप्पांनी सांगितलेला, न हलणारा लांब ठेका तिथे मावत नाही. म्हणून आपल्याकडचे फंक शोधायचे असेल तर गाण्याच्या आरंभीचे वाद्यसंगीत, दोन अंतऱ्यांमधला भाग आणि शीर्षकसंगीत ऐकावे. गायिकेचा आवाज आला की बहुधा ढोलक किंवा तबला आत येतो आणि चाल पुन्हा घरी परतते. शीर्षकसंगीतात शब्दांचे बंधन नसते, म्हणूनच 'डॉन'चे ते संगीत आपल्याला अमेरिकी बँडच्या इतके जवळचे वाटले असावे.

चित्रपटाबाहेरचे एक नाव जरूर ऐका: आनंद शंकर. उदय शंकर आणि अमला शंकर यांचे चिरंजीव, पंडित रविशंकर यांचे पुतणे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस ते लॉस एंजेलिसमध्ये होते आणि १९७० साली त्यांचा सतार आणि मूग सिंथेसायझर एकत्र आणणारा अल्बम अमेरिकेत प्रसिद्ध झाला. तो मला काहीसा प्रदर्शनी वाटतो. भारतात परतल्यावर १९७५मध्ये केलेला 'आनंद शंकर अँड हिज म्युझिक' हा मात्र अस्सल आहे. त्यातील 'स्ट्रीट्स ऑफ कलकत्ता'मध्ये सतार आणि फंकचा ठेका यांत कोणी कोणाचा पाहुणा वाटत नाही. १९९०च्या दशकात लंडनच्या क्लबांत हीच तबकडी पुन्हा वाजू लागली, आणि १९९९मध्ये त्यांचे निधन होण्यापूर्वी त्यांना तो नवा श्रोतृवर्ग पाहता आला.

प्रवाह उलट दिशेनेही वाहिला. जाझचे ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांनी स्लाय स्टोन आणि जेम्स ब्राउन यांचे संगीत ऐकून १९७२मध्ये 'ऑन द कॉर्नर' हा अल्बम केला, त्यात बादल रॉय यांचा तबला आहे आणि सतारही आहे. जाझच्या समीक्षकांनी त्या वेळी त्याची निर्भर्त्सना केली. आज तोच अल्बम या सगळ्या चर्चेच्या मध्यभागी ठेवावा लागतो.

कवठ (नंदुरबार)

आप्पा, आपल्या लेखनाबद्दल आदर राखून दोन मुद्द्यांवर मतभेद नोंदवतो.

पहिला असा की, आपण यंत्रांना जितके महत्त्व दिले तितके त्या काळातील घडामोडींना दिले नाही. डेट्रॉइटमध्ये जुलै १९६७मध्ये उसळलेल्या दंगलीत ४३ माणसे मेली. एप्रिल १९६८मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. व्हिएतनामच्या युद्धात कृष्णवर्णीय तरुण मोठ्या संख्येने पाठवले जात होते. टेम्प्टेशन्सचा रेशमी प्रेमगीतांचा गट अचानक दारिद्र्यावर आणि पळून गेलेल्या बापावर गाऊ लागतो, याचे कारण वाह-वाह पेडलमध्ये सापडणार नाही. गिटारवादक जिमी हेंड्रिक्स यांनीही १९६९च्या अखेरच्या रात्री आणि १९७०च्या पहिल्या दिवशी न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्टमध्ये बिली कॉक्स आणि बडी माइल्स या दोन कृष्णवर्णीय वादकांना घेऊन जे वाजवले, ते आधीच्या त्यांच्या रॉकपेक्षा ठेक्याला कितीतरी अधिक चिकटून होते, आणि त्यातील 'मशीन गन' हे युद्धाविषयीच आहे. तिथे गिटारचा विस्कटलेला आवाज गोळीबाराचा आवाज होतो. ही माणसे चैनीखातर ध्वनी विस्कटत नव्हती.

स्लायच्या वाटचालीतही हेच दिसते. ऑगस्ट १९६९मध्ये वुडस्टॉकच्या महोत्सवात पहाटे लाखोंच्या गर्दीला उभे करणारा हा माणूस दोनच वर्षांनी 'रायट'सारखा काळवंडलेला अल्बम करतो. त्यात त्याच्या कोकेनच्या व्यसनाचा वाटा होताच. पण आशेचे दशक संपल्याची जी जाणीव त्यात आहे, ती एकट्या व्यसनी माणसाची असती तर लाखो लोकांनी तो अल्बम विकत घेतला नसता.

दुसरा मुद्दा आपल्या भागातल्या एका सवयीविषयी आहे, आणि तो आप्पांना उद्देशून नाही. सातपुड्यातल्या काठी गावच्या होळीचे मोठे ढोल रात्रभर घुमतात, त्याचे चित्रीकरण टाकून 'आपले आदिवासी सायकेडेलिक फंक' असे मथळे देण्याची पद्धत अलीकडे पडली आहे. ती मला मान्य नाही. रात्रभर एक ठेका चालू राहिला की मन एका निराळ्या अवस्थेत जाते, हे जगात अनेक ठिकाणी घडते. परंतु त्या होळीला तिचा स्वतःचा विधी, नवस आणि नाव आहे. तिला परक्या बाजारपेठेचे लेबल लावल्याने तिचा मान वाढत नाही.

जिथे हा प्रभाव खरोखर पोहोचला, तो आफ्रिकेतील भाग पाहावा. नायजेरियाचे फेला कुटी १९६९मध्ये अमेरिकेत गेले, तिथे त्यांनी कृष्णवर्णीयांची चळवळ जवळून पाहिली आणि परत येऊन अॅफ्रोबीटला धार दिली. झांबियात १९७०च्या दशकात विच आणि इतर बँडनी फझ गिटार आणि फंकचा ठेका स्थानिक चालींशी जोडला. त्याला पुढे 'झॅमरॉक' म्हणू लागले. तिथे चित्रपटसृष्टीची मध्यस्थी नव्हती, बँड स्वतःच्या नावाने वाजवत होते, म्हणून त्यांच्याकडे लांब ठेका टिकला आणि आपल्याकडे टिकला नाही, असे मला वाटते.

शिरपूरचे आप्पा

कवठ, आपला पहिला मुद्दा मोलाचा आहे. प्रश्नकर्त्याने वाद्यवादनाविषयी विचारले होते म्हणून मी त्या अंगाने लिहिले. तरीही एक गोष्ट मांडतो. दंगल आणि युद्ध सगळ्या अमेरिकेला होते, पण हा विशिष्ट आवाज सॅन फ्रान्सिस्को आणि डेट्रॉइट या दोनच शहरांत आधी का घडला, याचे उत्तर देताना नभोवाणी केंद्रे, ध्वनिमुद्रणगृहे आणि शेजारच्या गल्लीतले रॉक बँड यांच्याकडे वळावेच लागते. क्लिंटन यांच्या गटाने तर व्हॅनिला फज या रॉक बँडचे प्रचंड ध्वनिवर्धक एका कार्यक्रमात वापरून पाहिले आणि मग स्वतःही तसेच घेतले. क्षोभ सर्वांपाशी होता. तो इतक्या मोठ्या आवाजात काढता येईल, हे त्यांना त्या खोक्यांनी दाखवले.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. भुसावळकर दादांनी शीर्षकसंगीताविषयी जे लिहिले, त्याने माझा बराच गुंता सुटला. आता मी गाण्यांचे मधले भाग वेगळे काढून ऐकतो आहे. एक शंका उरते. पुढच्या पिढीवरील प्रभावात सर्वत्र हिप-हॉपचे नाव येते, आणि तिथे जुन्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा कापून घेतला जातो. त्याचे पैसे मूळ वादकांना मिळाले का?

कायदा आणि ठेका (जळगाव)

मी वकिली करतो आणि हा विषय माझ्या आवडीचा आहे, म्हणून याचे उत्तर मी देतो.

वापर प्रचंड झाला. डी ला सोल या गटाने १९८९मध्ये 'मी मायसेल्फ अँड आय' या गाण्याचा पाया फंकाडेलिकच्या १९७९च्या 'नी डीप'वर घातला. डॉ. ड्रे यांचा १९९२चा 'द क्रॉनिक' हा अल्बम पार्लमेंट-फंकाडेलिकच्या ध्वनीवर इतका उभा आहे की त्या शैलीलाच 'जी-फंक' नाव पडले. क्लिंटन यांनी स्वतः १९८५मध्ये रेड हॉट चिली पेपर्स या तरुण रॉक बँडचा अल्बम घडवला, म्हणजे रॉकला त्याची उसनवारीही परत मिळाली.

पैशांची कथा मात्र कडू आहे. फंकाडेलिकच्या अनेक गाण्यांचे हक्क क्लिंटन यांच्याकडे राहिले नाहीत; ते ब्रिजपोर्ट म्युझिक या कंपनीकडे गेले आणि त्यावरून क्लिंटन वर्षानुवर्षे न्यायालयात झगडत राहिले. याच कंपनीने आणि तिच्याशी संबंधित वेस्टबाउंडने शेकडो दावे लावले. त्यांतील २००५चा निकाल कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही अभ्यासावा लागतो. फंकाडेलिकच्या एका गाण्यातील जेमतेम दोन सेकंदांचा गिटारचा तुकडा एन.डब्ल्यू.ए. या गटाने स्वर उतरवून, पुन:पुन्हा जोडून वापरला होता आणि ते गाणे पुढे एका चित्रपटात आले. सहाव्या विभागाच्या अपील न्यायालयाने असे ठरवले की, तुकडा कितीही लहान असो, मूळ ध्वनिमुद्रण वापरायचे तर परवाना घेतलाच पाहिजे. २०१६मध्ये नवव्या विभागाच्या न्यायालयाने दुसऱ्या एका प्रकरणात याच्या विरुद्ध मत दिले, त्यामुळे अमेरिकेत या प्रश्नावर आजही दोन विभागांत दोन नियम आहेत. ज्या वादकाने ती तार प्रत्यक्ष छेडली, तो २००५च्या त्या प्रकरणात पक्षकार नव्हता.

आपल्याकडचे उदाहरण त्या मानाने बरे आहे. ब्लॅक आइड पीज या गटाने २००५मध्ये 'डोन्ट फंक विथ माय हार्ट' हे गाणे केले, त्यात 'डॉन'मधील 'ये मेरा दिल' आणि 'अपराध'मधील 'ऐ नौजवान' यांचा आधार आहे. कल्याणजी-आनंदजी यांना त्या गाण्याचे श्रेय मिळाले आणि गाण्याला पुढे ग्रॅमीही मिळाला. त्याआधी १९९८मध्ये त्यांच्या चित्रपटसंगीताचे नवे रूप 'बॉम्बे द हार्ड वे' या नावाने अमेरिकेत निघाले होते. परंतु इथेही श्रेय संगीतकारांपर्यंतच पोहोचते. आपण ज्या शीर्षकसंगीतापासून ही चर्चा सुरू केली, त्यातील बेस, ड्रम आणि वाह-वाह गिटार वाजवणारे वादक दिवसाच्या ठरलेल्या मानधनावर काम करत. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत त्यांची नावे बहुधा नसत आणि पुढच्या कोणत्याही उत्पन्नात त्यांचा वाटा नसे. २०१२च्या दुरुस्तीनंतर आपल्या कायद्याने गीतकार आणि संगीतकारांना त्यांच्या रॉयल्टीचा हक्क सोडून देता येणार नाही अशी तरतूद केली आणि कलावंतांच्या हक्कांचीही दखल घेतली, तरी १९७०च्या दशकातील साथीदार वादकाला त्यातून प्रत्यक्षात काही मिळवता येणे जवळजवळ अशक्य आहे, कारण त्या दिवशी ध्वनिमुद्रणगृहात कोण बसले होते याची कागदोपत्री नोंदच बहुतेक ठिकाणी ठेवली गेली नाही.

जुन्या तबकड्या (भुसावळ)

वकीलसाहेब, नोंदींविषयी एक पुरवणी. अलीकडे काही अभ्यासकांनी हयात असलेल्या वादकांच्या मुलाखती घेऊन कोणत्या गाण्यात कोणी काय वाजवले याच्या याद्या तयार केल्या आहेत, आणि भूपिंदर सिंग यांची गिटार कोणत्या गाण्यात आहे हे आपल्याला कळते ते अशाच आठवणींमुळे. गिरणाकाठ, आपण बँडमध्ये आहात. आपल्या भागातील जुन्या बँड पार्ट्यांमध्ये १९७०च्या दशकात ही गाणी ब्रासवर कोणी बसवली, बेसची आकृती कोणत्या वाद्याला दिली, वाह-वाहच्या जागी काय केले, हे सांगणारी वडीलधारी मंडळी अजून आहेत. त्यांना विचारून आपण इथे लिहिलेत, तर पुढची चर्चा त्यावर करता येईल.